तोंडातील पांढरा चट्टा : बुरशी आणि कर्करोग

संत्र्याच्या पानांवर कोळशी दिसू लागली म्हणजे केवळ पाने धुऊन भागत नाही, हे बागायतदार जाणतो. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर ती काळी बुरशी वाढते. मूळ उपद्रव माशीचा असतो. तोंडातील बुरशीचा विचारही याच रीतीने करावयास हवा.

कॅन्डिडा ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही अल्प प्रमाणात असते. मधुमेह, प्रतिजैविकांचा दीर्घ वापर, रात्रीही न काढलेली कवळी किंवा क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांमुळे ती फोफावते. जीभ व गाल यांवर दह्यासारखा पांढरा थर जमतो. तो पुसल्यास बहुधा निघतो व खालचा भाग लाल दिसतो. हा विकार म्हणजे कर्करोग नव्हे. योग्य औषधाने तो सहसा बरा होतो.

जो चट्टा पुसूनही निघत नाही, त्याची गोष्ट वेगळी. तंबाखू व सुपारी यांच्या सेवनाने असे चट्टे उत्पन्न होतात आणि त्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. अशा चट्ट्यात बुरशीनेही ठाण मांडले असल्यास धोका अधिक आढळतो. ही बुरशी मद्यापासून ॲसिटाल्डिहाइड हे घातक द्रव्य तयार करू शकते. तथापि केवळ बुरशीमुळे कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. तंबाखू, सुपारी व मद्य हीच त्याची प्रमुख कारणे होत. म्हणून बुरशीनाशक औषध घेऊनही चट्टा राहिल्यास त्याचा लहानसा तुकडा काढून तपासणे आवश्यक असते.

ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

१. १५ दिवसांत न भरणारी जखम.
२. न निघणारा पांढरा अथवा लाल चट्टा.
३. तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट न सोसणे.
४. तोंडात वा मानेत गाठ.

यांपैकी एकही खूण दिसल्यास वेदनेची वाट पाहू नये. आरंभी हा रोग बहुधा दुखत नाही. ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या तोंडाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत केली जाते, तिचा लाभ घ्यावा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु कमरेची चंची सोडणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते. मूळ कारण तसेच ठेवून वरचा चट्टा पुसणे, हा उपाय नव्हे.