चाळणी आणि निर्वाळा : तरुणांच्या हृदयतपासणीतील शब्दार्थविचार

शास्त्राच्या भाषेत आणि लोकव्यवहाराच्या भाषेत एकच शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वावरू लागला, म्हणजे त्यातून बहुधा किरकोळ गैरसमज उद्भवतात. परंतु तो शब्द वैद्यकाच्या क्षेत्रातील असेल, तर गैरसमजाची किंमत मोठी असू शकते. ब्रिटनमधील 'कार्डियाक रिस्क इन द यंग' ही धर्मादाय संस्था तरुणांच्या हृदयतपासणीचे जे कार्य करीत आहे, ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात त्या कार्याचे स्वरूप थोडक्यात सांगून, ते ज्या मोजक्या शब्दांवर उभे आहे त्यांच्या अर्थाचा विचार करावयाचा आहे.

१. संस्था व तिची कार्यपद्धती

ॲलिसन कॉक्स यांनी ही संस्था १९९५ मध्ये स्थापन केली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून 'क्राय' असा जो शब्द सिद्ध होतो, त्याचे इंग्रजीत 'रडणे' आणि 'हाक देणे' असे दोन्ही अर्थ होतात. (भारतात याच आद्याक्षरांनी ओळखली जाणारी बालहक्कांची संस्था अगदी वेगळी होय.) ब्रिटनमध्ये पस्तिशीच्या आतील सुमारे बारा तरुण दर आठवड्यास पूर्वी निदान न झालेल्या हृदयविकाराने आकस्मिक मरण पावतात, असे या संस्थेचे सांगणे आहे. त्यांतील सुमारे ८० टक्के तरुणांच्या बाबतीत आधी कोणतेही लक्षण दिसलेले नसते, असेही ती सांगते. लक्षणे दिसल्यावर वैद्याकडे जावे हा नेहमीचा मार्ग येथे अपुरा पडतो. म्हणून निरोगी दिसणाऱ्या तरुणांकडेच तपासणी घेऊन जावे, ही तिच्या कार्यामागील भूमिका होय.

तपासणी १४ ते ३५ या वयोगटासाठी असते. शाळा, क्रीडामंडळे, सार्वजनिक सभागृहे अशा ठिकाणी दिवसभराचे शिबिर भरते. तरुणाने प्रथम एक प्रश्नावली भरावयाची, नंतर त्याच्या हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजे व्यवहारात ज्यास 'ईसीजी' म्हणतात तो, काढावयाचा, आणि त्यात शंकास्पद काही आढळल्यास ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाचे चित्र पाहावयाचे, असा हा क्रम आहे. शिबिरांचा खर्च बव्हंशी ज्या कुटुंबांनी आपले अपत्य अशा मृत्यूने गमावले आहे, त्यांनी उभारलेल्या स्मृतिनिधींतून चालतो. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ प्राध्यापक संजय शर्मा हे या कार्याचे वैद्यकीय मार्गदर्शक म्हणून प्रसिद्ध आहेत.

२. मृत्यूचे नामकरण

तपासणीइतकेच महत्त्वाचे, परंतु कमी परिचित असे या संस्थेचे दुसरे कार्य मृत्यूच्या कारणाची योग्य नोंद व्हावी यासाठी आहे. तरुण मनुष्य अकस्मात मरण पावला आणि शवविच्छेदनात काही सापडले नाही, तर पूर्वी अशा मृत्यूची नोंद 'नैसर्गिक कारण' किंवा 'कारण अनिश्चित' अशा शब्दांत होत असे. पोहताना मृत्यू आल्यास 'बुडून मृत्यू' एवढेच लिहिले जाई. आता अशा मृत्यूस 'आकस्मिक तालभंगजन्य मृत्यू' अशा अर्थाची इंग्रजी संज्ञा रूढ झाली आहे. संस्थेच्या साह्याने चालणाऱ्या विकृतिशास्त्र केंद्राकडे १९९४ ते २०१४ या काळात आलेल्या, खेळाडूंच्या ३५७ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२ टक्के मृत्यू या एकाच सदरात पडले. ६१ टक्के मृत्यू प्रत्यक्ष श्रम चालू असताना घडले होते.

या संज्ञेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. हृदयाच्या रचनेत दोष आढळला नाही, म्हणून दोष तालात असला पाहिजे, असे हे अनुमान आहे. ताल ही क्रिया आहे, वस्तू नव्हे. क्रिया थांबल्यावर तिची खूण मांसपेशीत उरतेच असे नाही. बोलणाऱ्याची वाणी थांबल्यावर त्याच्या मुखाच्या रचनेवरून त्याचा शेवटचा शब्द सांगता येत नाही, तद्वत् हे होय. असे असूनही 'कारण अनिश्चित' आणि 'तालभंग' या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली नोंद प्रकरण मिटविते. दुसरी जिवंत असलेल्यांकडे बोट दाखविते. कारण अशा विकारांपैकी अनेक विकार आनुवंशिक असून, आईबापांपैकी एकाकडून ते अपत्यात उतरण्याचा संभव बहुधा निम्मा असतो. मृताच्या भावंडांची, आईवडिलांची व अपत्यांची तपासणी व्हावी की नाही, हे त्या एका शब्दावर अवलंबून राहते. ब्रिटिश शासनाने हृदयरोगविषयक राष्ट्रीय धोरणात मार्च २००५ मध्ये तालभंग व आकस्मिक मृत्यू यांवर स्वतंत्र प्रकरण घातले, त्यात कुटुंबीयांच्या तपासणीस स्थान मिळाले.

३. प्रश्नावलीची भाषा

तपासणीचे पहिले साधन यंत्र नसून प्रश्न हे आहे. श्रम करताना कधी शुद्ध हरपली होती काय, छातीत दुखते काय, धडधड होते काय, नात्यात कोणी तरुणपणी अकस्मात वारले काय, असे हे प्रश्न असतात. ते सोपे दिसतात. पण प्रश्नातील शब्दाचा अर्थ उत्तर देणाऱ्याच्या मनात निराळा असेल, तर उत्तरही निराळे येते. इंग्रजीत 'फेंट', 'ब्लॅकआउट', 'फनी टर्न' हे शब्द बोलणाऱ्यागणिक अर्थ बदलतात. मराठीत हीच प्रश्नावली करावयाची झाल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. 'चक्कर आली' हे वाक्य उन्हात किंचित गरगरल्यासारखे वाटण्यापासून पूर्णपणे बेशुद्ध होऊन कोसळण्यापर्यंत सर्व अवस्थांस लागू पडते. वैद्यास या दोहोंतील भेद हवा असतो. विशेषतः धावण्याच्या ऐन भरात शुद्ध जाणे हे त्याच्या दृष्टीने गंभीर लक्षण होय. तेव्हा 'चक्कर येते काय' असे न विचारता 'धावताना किंवा खेळताना शुद्ध हरपून खाली पडलात काय' असेच विचारावे लागेल. 'दम लागतो काय' या प्रश्नास प्रत्येक धावणारा होकारच देईल; 'बरोबरीच्या सवंगड्यांपेक्षा फार लवकर दम लागतो काय' हा प्रश्न उपयोगी पडतो.

नात्याविषयीच्या प्रश्नात तर मराठीचे वैशिष्ट्य दुधारी आहे. इंग्रजी 'अंकल' किंवा 'कझिन' या शब्दांवरून नाते आईकडचे की बापाकडचे ते कळत नाही; मराठीत चुलता व मामा, आतेभाऊ व मावसभाऊ हे भेद नावातच आहेत. कुळवृत्त नोंदविणाऱ्या वैद्यास ही मोठीच सोय होय. परंतु 'तुमच्या घराण्यात असे कोणी वारले काय' असे विचारले, तर ऐकणारा सामान्यतः केवळ पितृकुळाचा विचार करील. आजोळी वारलेला तरुण मामा त्या उत्तरात येणारच नाही. आनुवंशिकता मात्र दोन्ही कुळांतून सारखीच चालते. याखेरीज 'पोहताना बुडाला', 'फिट येऊन गेला', 'झोपेतच गेला' अशा रीतीने सांगितले जाणारे मृत्यूही विचारून घ्यावे लागतात. कारण हृदयाच्या तालाचे काही विकार पोहताना वा झोपेत प्रकट होतात, आणि मेंदूस रक्त न पोहोचल्यामुळे येणारे झटके अपस्मार समजले जाण्याचा संभव असतो.

४. आलेखाचे वाचन

विद्युत्-आलेख ही एक प्रकारची लिपीच होय. विलेम आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञास ज्या कार्याबद्दल १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या लिपीचा पाया घातला गेला. पी, क्यू, आर, एस, टी ही तरंगांची नावेही त्यानेच रूढ केली. कागद सेकंदास २५ मिलिमीटर या गतीने सरकतो, म्हणजे त्यावरील बारीक चौकट सेकंदाचा ०.०४ भाग दाखविते. प्रत्येक ठोक्यास हृदयातील विद्युत्प्रवाह कोठून निघाला, कोणत्या वाटेने गेला व पूर्ववत् होण्यास त्यास किती वेळ लागला, हे त्यावरून वाचता येते. हृदयस्नायूची विकृत वाढ, प्रवाहाची जन्मजात आडवाट, प्रवाह पूर्ववत् होण्यातील दिरंगाई, असे विकार या वाचनात अनेकदा उमगतात.

परंतु लिपी वाचण्याचे नियम माणसाने ठरविलेले असतात. नियमित व्यायामाने हृदयाचा आकार वाढतो, नाडी मंदावते आणि आलेखही बदलतो. हे बदल आरोग्याचे द्योतक असले तरी विकाराच्या खुणांशी त्यांचे साम्य असते. याचा परिणाम किती होतो, हे १४ ते ३५ वयाच्या ४,९२५ ब्रिटिश खेळाडूंच्या अभ्यासावरून दिसते. हा अभ्यासही २०१६ मधीलच आहे. २०१० च्या युरोपीय नियमांनी वाचले असता २१.८ टक्के आलेख सदोष ठरले. 'सिएटल' येथे ठरलेल्या पुढील नियमांनी ६.० टक्के, आणि त्यानंतरच्या सुधारित नियमांनी ४.३ टक्के. हृदये तीच, कागद तेच. बदलला तो केवळ 'सदोष' या शब्दाच्या व्याख्येचा विस्तार. सखोल चाचण्यांअंती गंभीर विकार आढळला तो १५ जणांत, म्हणजे सुमारे ०.३ टक्क्यांत. तपासलेल्या दर तीनशे तरुणांत एकास धोकादायक विकार सापडतो असे संस्था सांगते, त्याच्याशी हा आकडा जुळतो.

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवाह पूर्ववत् होण्याच्या कालावधीची मर्यादा पुरुष खेळाडूंसाठी ४७० व स्त्री खेळाडूंसाठी ४८० सहस्रांश सेकंद अशी घातली आहे. ४६९ चा तरुण निरोगी आणि ४७१ चा रोगी, असे कोणी तज्ज्ञ मानीत नाही. पुढे कोणास बोलवावे हे ठरविण्यासाठी आखलेली ती रेघ आहे, हृदयातील सीमा नव्हे.

५. 'निर्दोष' म्हणजे काय?

येथे मूळ मुद्दा येतो. अहवालात 'दोष आढळला नाही' असे लिहिलेले असते. घरी ते 'दोष नाही' असे वाचले जाते. पहिले विधान चाचणीविषयी व तिच्या तारखेविषयी आहे. दुसरे हृदयाविषयी व पुढील सर्व काळाविषयी आहे. व्याकरणदृष्ट्या दोहोंतील अंतर एका क्रियापदाचे आहे. व्यवहारात ते किती आहे, हे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९९६ ते २०१६ या काळात केलेल्या तपासणीच्या निष्कर्षांवरून कळते. शर्मा व त्यांचे सहकारी यांनी ते २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. सरासरी साडेसोळा वर्षे वयाच्या ११,१६८ खेळाडूंपैकी ४२ जणांत आकस्मिक मृत्यूस कारण होऊ शकणारे विकार सापडले. ही तपासणी झाली नसती, तर त्यांतील बहुतेकांना आपल्या विकाराची वार्ताही नसती. परंतु पुढील काळात ८ खेळाडू हृदयविकाराने अकस्मात मरण पावले, आणि त्यांपैकी ६ जणांची तपासणी निर्दोष ठरली होती. तपासणी व मृत्यू यांतील अंतर सरासरी ६.८ वर्षे होते.

यावरून तपासणी व्यर्थ आहे असे अनुमान काढणे चूक ठरेल. हृदयस्नायूचे काही विकार सोळाव्या वर्षी दिसत नाहीत, विशीत प्रकट होतात. आणि रक्तवाहिनीचा उगम जन्मतः भलत्या ठिकाणी असणे यासारखा दोष आलेखात बहुधा उमटतच नाही. म्हणून पुढे लक्षण दिसल्यास जुना 'निर्दोष' अहवाल पुढे करून ते दुर्लक्षिणे घातक होय. तपासणीतून निसटलेल्यांसाठी छातीवर दाब देण्याचे शिक्षण व विद्युत्-आघात देणारे यंत्र हाताशी असणे हाच आधार उरतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे सामना चालू असताना कोसळलेला डेन्मार्कचा खेळाडू ख्रिस्तियान एरिक्सन मैदानावरच मिळालेल्या अशा उपचारांमुळे वाचला.

६. धोरणाचा वाद

ही तपासणी शासनाने सर्व तरुणांसाठी करावी काय, याविषयी एकमत नाही. इटलीत स्पर्धात्मक खेळाडूंची तपासणी १९८२ पासून कायद्याने सक्तीची आहे. तेथील व्हेनेतो प्रांतात खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे वार्षिक प्रमाण लाखास ३.६ वरून २००४ पर्यंत ०.४ वर आले, असे २००६ च्या अहवालात नमूद आहे. उलट, इस्रायलमध्ये १९९७ मध्ये अशी सक्ती झाल्यानंतर प्रमाणात फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०११ मध्ये वृत्तपत्रीय नोंदींच्या आधारे निघाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने २०१५ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये सार्वत्रिक तपासणीची शिफारस करण्याचे नाकारले. चाचणीची अचूकता, निरोगी तरुणांवर बसणारा रोगाचा शिक्का आणि विकार सापडल्यावर काय करावे याविषयीची अनिश्चितता, ही तिची कारणे होत. संस्थेस हे मान्य नाही. विशेष हे की, दोन्ही पक्ष बहुतांशी त्याच आकड्यांचा आधार घेतात. समिती समाजाच्या हिशेबाने बोलते, संस्था कुटुंबाच्या. 'उपयोगी' या शब्दाचे हे दोन अर्थ वेगळे ओळखले, तर वादातील कटुता पुष्कळशी कमी होईल.

७. उपसंहार

इंग्रजी 'स्क्रीनिंग' या शब्दास मराठीत सरसकट 'तपासणी' म्हणण्याची प्रथा आहे. तपासणीतून निर्वाळा मिळतो अशी सर्वसामान्य अपेक्षा असते. 'चाळणी' या शब्दाने अशी अपेक्षा उत्पन्न होत नाही. चाळणीवर राहिलेले सारेच खडे नसतात, ते निवडून पाहावे लागते. आणि चाळणीतून गेलेल्या पिठातही बारीक कण असू शकतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. 'चाळणी-तपासणी' ही संज्ञा या दृष्टीने अधिक अर्थवाही ठरेल. मराठीत अशा शिबिरांचे अहवाल लिहिले जातील, तेव्हा त्यांत 'हृदय निर्दोष आहे' असे न लिहिता 'आजच्या चाचणीत दोष आढळला नाही. पुढे श्रम करताना शुद्ध हरपल्यास किंवा छातीत दुखल्यास पुन्हा दाखवावे' असे लिहिले जावे. हे वाक्य लांब आहे खरे. परंतु त्याचा उत्तरार्ध गाळला, तर ज्याच्यासाठी तो लिहावयाचा त्या तरुणास पुन्हा वैद्याकडे जाण्याचे कारणच उरणार नाही.