शिंगराची पहिली रात्र

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड–लातूर रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. देवच घोड्यावर बसणारा, तेव्हा त्याच्या दारी घोड्यांचा बाजार भरावा यात नवल नाही. तिथली पारख बघण्यासारखी असते. जाणती माणसं ओठ वर करून दात बघतात, अंगावरचे भोवरे हुडकतात, त्यातला गळ्यावरचा देवमण नावाचा भोवरा तपासतात, चाल बघायला घोडा दौडवून घेतात. नांदेडला तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये शिखांच्या दहाव्या गुरूंच्या घोड्यांच्या वंशातले मानले जाणारे घोडे आजही मानाने सांभाळले जातात. या मुलखात घोड्याचं प्रेम मुरलेलं आहे.

पण बाजारात उभा राहिलेला घोडा जगणार की नाही, हे पुष्कळदा जन्माच्या रात्रीच ठरलेलं असतं. त्या रात्रीची विद्या पारखीत येत नाही. ती हाताने शिकावी लागते.

आपली खरी अडचण अशी की आपल्याला गाय फार चांगली कळते. लातूरची देवणी, कंधारची लाल कंधारी या गोठ्यांत आपल्या पिढ्या गेल्या. म्हणून दारात घोडी आली की आपण तिलाही गाईच्या मापाने मोजतो. गाईचा माज दिवसभरात ओसरतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, हा हिशेब घरातल्या पोरालाही पाठ. घोडीचा माज मात्र पाच-सात दिवस चालतो आणि बीज सुटतं ते त्याच्या शेवटी शेवटी. पहिल्याच दिवशी एकदा घोडा दाखवून मोकळं झालं तर कष्ट वाया जायची भीती. गाईला जुळं झालं तर घर हरखतं, घोडीच्या पोटात ते बहुधा टिकत नाही. म्हणून घोडा दाखवल्यावर चौदा-सोळा दिवसांनी सोनोग्राफी करावी. जुळं असेल तर तेव्हाच डॉक्टरांना एक गर्भ कमी करता येतो.

घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते, आणि बहुतेकदा रात्री. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमले की जागरण सुरू करावं. गाय वितानाचा धीर इथे घातक ठरतो. पाण्याची पिशवी फुटल्यावर वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. आधी पांढुरका पडदा दिसला तर ठीक. लाल मखमलीसारखी पिशवी पुढे आली तर ती तिथल्या तिथे फाडावी लागते, कारण वार सुटलेली असते आणि आत पिलाचा श्वास कोंडत असतो. डॉक्टर वाटेत असतील, पण हात मालकाचेच चालायला हवेत.

पुढचा हिशेब एक, दोन, तीन. तासाभरात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत आचळाला लागावं, तीन तासांत वार पडावी. वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही जुनी समजूत वासरालाही वाईट आणि शिंगराला त्याहून वाईट. आईच्या पोटातून त्याला रोगाशी लढायची ताकद जवळजवळ मिळतच नाही. ती चिकातून येते, आणि ती शोषून घेणारी आतड्याची दारं दिवसभरात मिटतात. तीन तासांत वार पडली नाही तर ओढायची नाही, तिला वजन बांधायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. उशीर झाला तर घोडीच्या खुरांना सूज येऊन ती कायमची लंगडू शकते. पडलेली वार जमिनीवर पसरून तिच्या दोन्ही शिंगांची, म्हणजे फाट्यांची, टोकं शाबूत आहेत का ते बघावं. एखादा तुकडा आत राहिला असेल तर तिथेच कळतं.

नाळ आपोआप तुटू द्यावी आणि बुडखा सौम्य जंतुनाशकात बुडवावा. घोड्याला धनुर्वात फार लवकर गाठतो, म्हणून विण्याच्या महिनाभर आधी घोडीला लस हवी.

हे सगळं इथे वाचून समजेल, जमणार नाही. शिंगराच्या तोंडात बोट घातल्यावर ते किती जोराने चोखतं, हे बोटालाच कळतं. शिकवायला जाणकार आहेतच. लातूर जिल्ह्यात उदगीरला 1987 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिसारला 1985 साली घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, आणि त्याच्या बिकानेरच्या शाखेत 2023 साली भ्रूण प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्मलं. विज्ञान एवढं पुढे गेलंय. ते आपल्या तबेल्यापर्यंत यावं, असं मला कळकळीने वाटतं. त्यासाठी माळेगावच्या तळावर घोडी आणि शिंगरू समोर ठेवून दोन दिवस मालकांचे हात चालवून घ्यावेत. सभागृहात खुर्च्या मांडून ते साधणार नाही.

तोवर विण्याच्या दिवसांत तबेल्यात चार वस्तू तयार असू द्या: स्वच्छ पेंढा, विजेरी, नाळेचं औषध आणि चालू घड्याळ. पाण्याची पिशवी फुटली की ती वेळ कोळशाने भिंतीवर लिहून ठेवायची.