भट्टीच्या खड्ड्यांत झाले तळे

गावालगत वीटभट्टी लागली की माती जाते, खड्डे उरतात आणि त्यांत पाणी साचून डास होतात. चीनच्या राजधानीत, बीजिंग शहराच्या दक्षिण भागात, अशीच गत झाली होती. तेथे बादशाही भट्ट्या होत्या. त्यांवर देखरेख करणाऱ्या ज्यांग झाओ या अधिकाऱ्याने १६९५ साली एका जुन्या देवळाच्या आवारात बसायला मंडप बांधला. नाव ठेवले 'थाओरान', म्हणजे मन प्रसन्न होणे. हा शब्द त्याने बाई जूयी या जुन्या कवीकडून घेतला. (भट्ट्यांच्या धुरात सरकारी नोकराला कविता आठवावी, याचे मला कौतुक वाटते!)

मंडप म्हटले तरी ती छत्री नव्हे; तीन खणांची बैठी इमारत आहे. ती टिकली, पण भोवतीचे पाणी गाळाने भरून कुजत गेले. १९५२ साली गाळ उपसून तळे केले, बाग झाली. उपसलेली माती लांब वाहून नेली नाही. तिथेच ढीग घालून टेकड्या केल्या आणि त्यांवर झाडे लावली. आज नुसते पाणीच चाळीस एकरांच्या आसपास आहे.

कधी तिकडे जाणे झालेच, तर मंडपातून आधी पाणी पाहू नका. समोरची टेकडी पाहा. ती त्या तळ्यातूनच निघाली आहे.