सीनियर सिटिझन वाघ्या

पिल्लू सगळ्यांनाच आवडतं. फोटो काढा, स्टेटसला टाका, लाइक्स मोजा! पण दात पडलेलं, कान गेलेलं, रात्री दोन वाजता भिंतीकडे बघून भुंकणारं कुत्रं? नळदुर्गच्या आमच्या घरात असं एक आहे...

दुपारचे साडेतीन. पुण्यात एका एसी कॉन्फरन्स रूममध्ये मीटिंग रंगात आलेली. मोबाइल थरथरला. आईचा फोन. कट केला. परत आला. परत कट. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. बाहेर जाऊन उचलला.

"वाघ्याला लकवा मारलाय बघ. मान वाकडी झालीय. उठायलाय की पडायलाय. सगळं ओकून टाकलं सकाळी."

आत जाऊन काय सांगायचं? 'माझं कुत्रं आजारी आहे'? "घरी इमर्जन्सी आहे," एवढंच म्हटलं. "वडिलांना काही झालं का?" एकाने काळजीने विचारलं. मी नुसती मान हलवली. (खोटं बोलले. मान्य!) संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, रात्र सोलापुरात मैत्रिणीकडे काढली आणि पहाटेच्या एसटीत बसले. त्या बसमध्ये मी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते. मागच्या खेपेला निघताना आपण वाघ्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता की नाही? आठवेना.

तर आधी वाघ्याची ओळख.

नळदुर्ग म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, बोरी नदीवरच्या बांधातून पडणारे नर-मादी धबधबे आठवतात. पावसाळ्यातला वीकेंड स्पॉट! आम्हा गावकऱ्यांना मात्र खंडोबाही तितकाच महत्त्वाचा. अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावं खंडोबाची एकच मूर्ती वाटून घेतात. वर्षातला बहुतेक काळ देव अणदूरला, थंडीतले काही आठवडे नळदुर्गला. (माझंही तसंच. बहुतेक काळ पुण्याला, काही दिवस नळदुर्गला.) पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. २०११च्या जानेवारीत त्या यात्रेतून परत येताना एक तांबूस पिल्लू अण्णांच्या चपलेमागे लागलं ते थेट घरापर्यंत आलं. खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा असतोच. त्यामुळे नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चाच झाली नाही. आईने उंबऱ्यातच भाकरीचा तुकडा टाकला आणि 'वाघ्या' म्हणून हाक मारली.

तेव्हा मी आठवीत होते. वाघ्या जन्मला उस्मानाबाद जिल्ह्यात आणि म्हातारा झाला धाराशिव जिल्ह्यात. २०२३ला जिल्ह्याचं नाव बदललं, पण गडी आमच्या ओट्यावरून हलला नाही. हलले ते मी.

मी अठ्ठावीस, तो चौऱ्याहत्तर

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा फंडा आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. तो खरा नाही. २०२०मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या शास्त्रज्ञांनी लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल तपासले आणि नवा हिशेब मांडला. त्यानुसार एक वर्षाचं कुत्रं म्हणजे साधारण तिशीतला माणूस. मग वेग कमी होतो. चौथ्या वर्षी पन्नाशी ओलांडते, बाराव्या वर्षी सत्तरी. आमचा वाघ्या काही लॅब्राडोर नाही, शुद्ध गावठी. पण तोच हिशेब लावला तर पंधराव्या वर्षी तो चौऱ्याहत्तरच्या आसपास येतो. म्हणजे आला तेव्हा माझ्या मांडीत मावणारा हा प्राणी मला ओलांडून, आईला ओलांडून, अण्णांनाही ओलांडून पुढे निघून गेला. मी पुण्यात मासकॉमच्या असाइनमेंट्स करत होते त्या काळात कधीतरी.

मोठ्या जातींची गाडी तर आणखी फास्ट. ग्रेट डेन सात-आठ वर्षांतच म्हातारा होतो. माझ्या ओळखीत पंचविशीतल्या निम्म्या लोकांकडे आज लॅब नाहीतर हस्की आहे. सव्विसाव्या वर्षी आणलेलं पिल्लू बारा वर्षांचं होईल तेव्हा तुम्ही अडतीसचे असाल. फ्लॅटचा ईएमआय, शाळेत जाणारं मूल, सत्तरीकडे झुकलेले आई-वडील आणि जिना चढू न शकणारं तीस किलोचं कुत्रं, सगळं एकाच वेळी. पिल्लाचा फोटो बघताना हे कोण मोजतं?

वाघ्याच्या म्हातारपणाची पहिली खूण मी ओळखलीच नाही. उलट तिला मीच हातभार लावला! पहिल्या नोकरीच्या पैशांतून मी घरातली जुनी शहाबादी फरशी काढून चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या. सॉलिड दिसत होतं घर. आठवड्याभरात आईचा फोन, "वाघ्या आत यायला भ्यायलाय." त्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकायचे आणि तो बसकण मारायचा. शहाबादीच्या खडबडीत अंगावर दुखरे सांधे कसेबसे सांभाळले जात होते, ते टाइल्सवर उघडे पडले. आईने न बोलता दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाटं अंथरली, त्याच्या झोपायच्या जागी जुनी वाकळ टाकली. आज माझ्या इटालियन लूकच्या हॉलमध्ये सोयाबीनच्या पोत्यांचा रस्ता आहे आणि वाघ्या त्यावरून शिस्तीत ये-जा करतो.

सांधेदुखीचा दुसरा किस्सा जास्त गंभीर. अण्णांचे गुडघे दुखतात. त्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीतली अर्धी त्यांनी प्रेमाने वाघ्याला चारली. दोन-तीन दिवस. मग वाघ्याची शी काळी पडली. ते जठरातलं रक्त होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या आपल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जठराला जखमा करतात, मूत्रपिंडही निकामी करू शकतात. डायक्लोफिनॅक तर गिधाडांच्या मुळावर उठलं होतं. ते दिलेली गुरं मेल्यावर खाऊन गिधाडं मरायची, म्हणून २००६मध्ये जनावरांसाठी ते बनवण्यावर आपल्या देशात बंदी आली. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग डॉक्टरांनी कुत्र्यासाठीचं मेलॉक्सिकॅम लिहून दिलं. त्याचा डोस वजनावर ठरतो. आता कुत्र्याचं वजन करायचं कुठे? अण्णांनी त्याला उचलून आडत दुकानातल्या काट्यावर उभं केलं. भरला १७ किलो. हमालांनी टाळ्या वाजवल्या म्हणे!

रात्रीचे दोन

पुण्यात कुत्र्यांसाठी फिजिओथेरपी आहे, पोहण्याचे टँक आहेत, व्हीलचेअर मिळते. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात रांग असते ती म्हशींची आणि उस्मानाबादी शेळ्यांची. त्यात काही चूक नाही, लोकांचं पोट त्यांच्यावर आहे. पण म्हाताऱ्या गावठी कुत्र्याला घेऊन गेलं की रांगेतले लोक आधी कुत्र्याकडे बघतात, मग तुमच्याकडे. मोठी तपासणी करायची तर उदगीरचं पशुवैद्यकीय कॉलेज गाठायचं, तेही लातूर ओलांडून. म्हणजे उरलं काय? आई!

वाघ्याला ऐकू येत नाही, हे आईला सगळ्यांत आधी कळलं. मागून हात लावला की तो दचकून चावायला धावायचा. आता आई जवळ जाण्याआधी जमिनीवर दोनदा पाय आपटते. तो हादरा त्याला कळतो. डोळ्यांत निळसर झाक आली तेव्हा मी मोतीबिंदू समजून घाबरले होते. डॉक्टर म्हणाले, ही वयाची झाक आहे, तिच्यातून त्याला बऱ्यापैकी दिसतं. कडक भाकरी कडाकडा फोडणारा वाघ्या आता ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खातो. पाणी पूर्वीपेक्षा दुप्पट पितो, म्हणून रात्री एकदा दार उघडावं लागतं. अति पाणी पिणं ही मूत्रपिंड थकल्याची खूण असू शकते, हे लक्षात ठेवा.

आणि दोन वाजताचं भुंकणं. तो दाराच्या चुकीच्या बाजूला, बिजागरीच्या फटीपाशी उभा राहतो आणि दार उघडायची वाट बघतो. कधी कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात शिरतो आणि मागे कसं सरकायचं हेच विसरतो. माणसाला स्मृतिभ्रंश होतो तसाच हा प्रकार. दिवसा झोप, रात्री येरझाऱ्या, घरातल्या घरात हरवणं. यावर रामबाण औषध नाही. आईने झिरोचा बल्ब लावला आणि एकही फर्निचर जागचं हलवायचं नाही असा नियम केला. "येडं झालंय बघ," म्हणते आणि उठून त्याला कोपऱ्यातून वळवून आणते. रोज रात्री. तिचं वय बासष्ट.

ओडिसीतला आर्गस माहीत असेल तुम्हाला. वीस वर्षांनी घरी आलेल्या मालकाला ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. जगभर ही गोष्ट इमानदारीची म्हणून सांगतात. पण होमरने हेही सांगितलंय की तो म्हातारा कुत्रा शेणाच्या ढिगावर पडला होता, अंगभर पिसवा, कारण धनी नसताना घरातल्या कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. मला आता ती गोष्ट तिथूनच ऐकू येते. मालक आला, त्याचे डोळे भरून आले, छान. पण रोजची उठबस कुणी करायची होती?

तीन दिवस

घरी पोहोचले तेव्हा वाघ्या वाकळीवर आडवा होता. मान डावीकडे कललेली, बुबुळं घड्याळाच्या काट्यासारखी झटके देत सरकत होती. ओट्यावर शेजारपाजार जमला होता. "एक इंजेक्शन देऊन सोडवा त्याला, किती हाल करायचे?" एक काका म्हणाले. वाईट मनाने नव्हे. मलाही तेच वाटत होतं, फक्त तोंडाने म्हणवत नव्हतं.

डॉक्टर आले. कानात बॅटरी मारून बघितलं. मग वाघ्याला धरून उभं केलं आणि त्याचा एकेक पंजा उलटा जमिनीला टेकवला. वाघ्याने प्रत्येक वेळी तो लगेच सरळ केला. डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. "हा लकवा वाटत नाही. आतल्या कानातला तोल गेलाय. म्हाताऱ्या कुत्र्यांत नेहमी दिसतं. त्याला सगळं घर फिरताना दिसत असणार, म्हणून ओकतोय. तीन दिवस बघू. सुधारला नाही तर मग वेगळं बोलू."

व्हेस्टिब्युलर डिसीज म्हणतात याला. बहुतेकदा ७२ तासांत उतार पडायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रं चालू लागतं. दिसतं मात्र इतकं भयानक की त्याच दिवशी निर्णय घेऊन मोकळे होणारे लोक असतात. आम्हीही झालो असतो.

उलटीचं औषध, चमच्याने पाणी, दोन्ही बाजूंना उशा. दुसऱ्या रात्री मी आईला झोपायला पाठवलं आणि स्वतः बसले. पहाटे साडेतीनला पाठ मोडली तेव्हा पहिल्यांदा हिशेब केला, आई हे किती महिने करतेय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलंच, "कधी थांबायचं हे कसं कळतं?" ते म्हणाले, त्याला आवडणाऱ्या तीन गोष्टी सांगा. मी गप्प. आईने सांगितल्या. सकाळचं ऊन ओट्यावर खाणं. दूधवाल्याची कॅन हुंगणं. संध्याकाळी अण्णांच्या मागे पारापर्यंत जाणं. "यातल्या किती उरल्यात त्यावर लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारी त्याने ताकातली भाकरी खाल्ली. पाचव्या दिवशी दारूड्यासारखा झोकांड्या खात ओट्यावर गेला आणि उन्हात पसरला. मान अजून वाकडी आहे, बहुधा तशीच राहील. पारापर्यंत जाणं मात्र संपलं. तीनातल्या दोन उरल्या.

पुण्याला निघाले तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. वाघ्या वाकळीवर गाढ झोपलेला. मी त्याच्याजवळ जाऊन दोनदा पाय आपटला. डोळे उघडले नाहीत, शेपटीचं टोक तेवढं गोणपाटावर हललं.

"झोपू दे की गं त्याला," आई आतून म्हणाली. "रातभर जागलंय ते."