कार्बनची पाठवणी

१०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की हाती ५६ किलो चुना येतो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जातात. भट्टी कोळशावर पेटवा नाहीतर विजेवर तापवा, हे ४४ किलो चुकत नाहीत, कारण ते जळणातून नव्हे, दगडातूनच येतात. सिमेंटची सुरुवात याच भाजणीने होते. म्हणूनच सिमेंट कारखान्याच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक वाटा सौर किंवा पवन ऊर्जेनेही पुसता येत नाही.

नॉर्वेतल्या ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात जून २०२५ मध्ये धुरातला हा वायू वेगळा काढणारी यंत्रणा सुरू झाली. अमाइन वर्गातल्या रसायनांचे द्रावण वायू शोषून घेते आणि तापवले की सोडून देते. वर्षाला ४ लाख टन, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाचा जवळपास निम्मा भाग, असा पकडता येतो. वायू पकडण्याची चर्चा पुष्कळ होते. तो न्यायचा कसा, याची मात्र फारशी होत नाही. माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे.

आधी आकारमान पाहू. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला १ टन कार्बन डायऑक्साइड ५०० घनमीटरहून जास्त जागा व्यापतो, म्हणजे पाण्याचे १० हजार लिटरचे ५० टँकर भरतील इतकी. तोच वायू पुरेसा दाबला की पाण्याच्या जवळपास घनतेचा होतो आणि हजार लिटरच्या टाकीहून थोड्या मोठ्या टाकीत मावतो. ३१ अंश सेल्सियस आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाब हा त्याचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्यापलीकडे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही. पाइपलाइनमध्ये दाब याच्या वर ठेवतात, म्हणजे वाटेत त्याचा पुन्हा वायू होत नाही.

ब्रेविकचा वायू आधी जहाजाने निघतो, उणे २६ अंशांना थंड करून आणि १५ बार दाबाखाली द्रवरूपात. बर्गनजवळच्या ओयगार्डन बेटांवर तो टाक्यांत उतरतो. तिथे दाब आणखी वाढवला जातो आणि समुद्रतळावरच्या सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनमधून तो पुढे जातो. शेवटी समुद्रतळाच्याही २,६०० मीटर खाली, खाऱ्या पाण्याने भरलेल्या सच्छिद्र वालुकाश्मात तो सोडला जातो. वर शेल खडकाचे घट्ट झाकण आहे. ‘नॉर्दर्न लाइट्स’ नावाच्या या प्रकल्पात पहिला वायू ऑगस्ट २०२५ मध्ये जमिनीत गेला.

पाइप पोलादाचा असतो आणि पोलादाचा शत्रू पाणी. कोरडा कार्बन डायऑक्साइड पोलादाला धक्का लावत नाही. त्यात पाणी मिसळले की कार्बोनिक आम्ल तयार होते आणि पाइप आतून कुरतडला जातो. म्हणून वायू पाइपात शिरण्यापूर्वी काटेकोरपणे सुकवावा लागतो. दुसरे संकट चिरेचे. नैसर्गिक वायूचा पाइप फुटला की आतला दाब झपाट्याने पडतो. दाबलेला कार्बन डायऑक्साइड मात्र चिरेपाशी उकळू लागतो, दाब काही काळ टिकून राहतो आणि पिशवीची चेन उघडत जावी तशी चीर पाइपभर धावू शकते. ती रोखायची तर पोलाद अधिक चिवट आणि जाड हवे, किंवा पाइपला ठरावीक अंतरावर मजबूत कडी घालावी लागतात.

ही भीती कागदावरची नाही. २२ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात साटार्शिया गावाजवळ मुसळधार पावसानंतर माती सरकली आणि कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. हा वायू हवेच्या दीडपट जड. तो उंच न जाता उताराने गावाकडे वाहत गेला. प्राणवायू न मिळाल्याने गाड्यांची इंजिने बंद पडली. सुमारे २०० जणांना गाव सोडावे लागले, ४५ जणांना रुग्णालयात जावे लागले. सुदैवाने कुणी दगावले नाही. समुद्रतळावर पाइप फुटला तर आसपासचे पाणी आम्लधर्मी होऊन तिथल्या जीवांना त्रास होईल, पण वस्ती मात्र दूर असते. जमिनीवरच्या पाइपाला ती मुभा नाही.

पाइप शाबूत राहिला तरी जमीन आपले म्हणणे मांडतेच. उत्तर नॉर्वेतल्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ पासून सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या सागरी पाइपलाइनने वायू नेला जातो. पहिल्या थरात दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढू लागला, म्हणून २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. मोजमाप सतत चालू होते, म्हणूनच हे वेळीच कळले. नॉर्वेच्याच स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून वायू समुद्राखाली साठवला जात आहे आणि भूकंपलहरींच्या सर्वेक्षणातून त्याचा पसारा तपासला जातो. पुरून विसरण्याची ही वस्तू नव्हे.

आता प्रमाण पाहा. विस्तारानंतर ‘नॉर्दर्न लाइट्स’ची क्षमता वर्षाला ५० लाख टन होईल. जग केवळ जीवाश्म इंधनांतून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे साडेसात हजारांतला जेमतेम एक भाग. कोळशावरची वीज अशा पाइपांच्या भरवशावर चालू ठेवू म्हणणे हा आत्मघात ठरेल. तिथे सूर्य आणि वारा हे स्वस्त, सरळ पर्याय आहेत.

पण चुनखडीतल्या ४४ किलोंना असा पर्याय नाही. सिमेंट उत्पादनात भारत जगात दुसरा आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या भट्ट्यांतही हेच रसायनशास्त्र चालते. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि वाटेत गावेच गावे. उद्या अशी पाइपलाइन आखायची वेळ आली, तर वायू किती कोरडा असेल, चीर कुठे थांबेल, पाइप फुटल्यास गावाला इशारा कोण देईल आणि साठ्यावर पन्नास वर्षांनंतर लक्ष कोण ठेवेल, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे आधी मागा. ती मिळाल्याशिवाय पहिला खड्डाही खणू देऊ नका.