उसाचे चिपाड : इंधन की कच्चा माल?

ऊस गाळल्यावर राहणाऱ्या चिपाडास टाकाऊ म्हणण्याची रूढी यथार्थ नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात ते पूर्वापार जळत आले आहे, आणि साखर कारखान्याचा बॉयलरही त्यावरच चालतो. शंभर किलो उसामागे सुमारे २८ ते ३० किलो चिपाड निघते. पण त्यात निम्मे पाणी असते व ते उडवण्यात बरीच उष्णता खर्ची पडते.

कोरड्या चिपाडात स्थूलमानाने ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज व २० ते २५ टक्के लिग्निन असते. सेल्युलोजपासून ग्लुकोज व ग्लुकोजपासून अल्कोहोल, ही क्रिया कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात लिग्निनचे वेष्टन एन्झाइमांना सेल्युलोजपर्यंत पोहोचू देत नाही. ते आम्ल व उष्णता यांच्या साहाय्याने आधी सैल करावे लागते. खरी कसोटी येथेच आहे. हा संस्कार सौम्य झाल्यास वेष्टन टिकते. उग्र झाल्यास हेमिसेल्युलोजमधून सुटलेल्या झायलोजच्या रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फरफ्युरल तयार होते. ते यीस्टला मारक असते. शिवाय झायलोज शाबूत राहिले, तरी मद्यार्कासाठी नेहमी वापरले जाणारे यीस्ट त्याचे किण्वन करीत नाही.

अल्कोहोलच्या कामी विष ठरणारे हे फरफ्युरल एरवी मात्र मोलाचे आहे. वंगणतेलाच्या शुद्धीकरणात व रेझिनांच्या निर्मितीत ते लागते. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्ये ओटच्या टरफलांपासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. शंभर भाग झायलोजपासून सिद्धांततः ६४ भाग फरफ्युरल मिळावे. परंतु वाफेने ते त्वरित बाहेर काढले नाही, तर त्याचेच राळेसारखे पदार्थ बनतात व उतारा घटतो.

रसायनाइतकाच अवघड प्रश्न वाफेचा आहे. चिपाड अन्यत्र वळवले, तर बॉयलरात काय घालावे? १९७९ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू न्यूजप्रिंट या संस्थेने कागदासाठी चिपाड घेताना साखर कारखान्यांना मोबदल्यात कोळशावरची वाफ पुरवण्याची व्यवस्था केली. अर्थात चिपाड वाचले, ते कोळसा जाळून. अल्कोहोलच्या पद्धतीत लिग्निन अखेरीस शिल्लक राहते व ते जाळून वाफेची काही गरज भागवता येते. मात्र तेही ओलेच हाती येते.