गरम झऱ्यातलं पाहुणं विकर

कोरोनाच्या काळातली ती नाकात काडी घालून केलेली तपासणी आठवते? तुम्ही तेव्हा फारच लहान असाल, तर आईला विचारा. नुसत्या आठवणीनेच ती नाक मुरडेल!

त्या काडीवर विषाणू असलेच, तर कधीकधी अगदी मोजके. मग ते सापडायचे कसे? कोरोनाच्या विषाणूत असतो आरएनएचा एकपदरी धागा, सुमारे ३०,००० अक्षरांचा. प्रयोगशाळेत आधी एका विकराकडून, म्हणजे एन्झाइमकडून, त्यातल्या मजकुराची डीएनए प्रत करून घेतात. आरएनए वाचून डीएनए लिहिणारं हे उलट्या दिशेचं विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली शोधलं.

मग येते पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याच्या पद्धतीची, पाळी. बोटाच्या पेराएवढी नळी ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की डीएनएचे दोन पदर सुटे होतात. थोडी निवू दिली, की 'प्रायमर' नावाचे छोटे तुकडे त्यांना चिकटतात. पण कुठेही नाही बरं का, कोरोनाची ठरावीक अक्षरं दिसली तरच! तिथून पुढे दुसरं एक विकर प्रत्येक पदराला नवा जोडीदार विणतं. एकाचे दोन, दोनाचे चार... तीस फेऱ्यांनंतर किती? वहीत मांडून बघा. १०७ कोटींच्या वर जाल!

ही युक्ती १९८३ साली अमेरिकेत कॅरी मलिस यांना रात्री गाडी चालवताना सुचली. पण एक गोची होती. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक जसा थिजतो, तसं हे विणणारं, तेव्हा ई. कोलाय जिवाणूकडून घेतलेलं विकर ९५ अंशांना कामातून जायचं. म्हणून दर फेरीला झाकण उघडा, ताजं विकर टाका, झाकण लावा. तीस वेळा! माझा तर हातच दुखला असता.

सुटका केली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यांनी. तिथे टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना १९६० च्या दशकात ७० अंशांच्या पाण्यात मजेत वाढणारा जिवाणू मिळाला होता: थर्मस अ‍ॅक्वाटिकस. तपासणीबिपासणी त्यांच्या डोक्यातही नव्हती. इतक्या गरम पाण्यात कोण राहतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्या जिवाणूचं 'टॅक' विकर ९५ अंशांनाही टिकलं आणि नळीचं झाकण बंदच राहू लागलं.

आता टॅकसाठी कुणी यलोस्टोन गाठत नाही. थर्मसचं जनुक दुसऱ्या जिवाणूत घालून ते करवून घेतात. कोणत्या जिवाणूत? त्याच ई. कोलायमध्ये!